अखंड कुमारी

मुरुमच्या सलोमीबाई कॅथलिक होत्या. त्यांचा एकुलता लेक शांतवन प्रोटेस्टंट पंथाचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, झाला. येशूची आई मरिया जन्मभर कुमारी राहिली, ही आईची श्रद्धा. लेक म्हणायचा, "शास्त्रात येशूचे भाऊ आहेत, आई."

"ते चुलतभाऊ व्हते," आई म्हणायची.

कॅन्सरनं तिची वाचा जाऊ लागली, तेव्हा तिनं त्याचा हात धरला. "माझ्याच्यानं म्हणवंना. तू म्हण. अखंड कुमारी मरिये, आमच्यासाठी विनंती कर."

त्याला खोटं बोलवेना. "मी येशूकडं मागतो, आई."

तिनं हात सोडवून भिंतीकडं तोंड फिरवलं. पुन्हा ती त्याच्याशी बोललीच नाही. दफनानंतरच्या रविवारी शांतवन प्रार्थनेला उभा राहिला, पण त्याला येशूकडंही काही मागता येईना.