नोव्हेंबरचं गिऱ्हाईक

नेद्यालकाबाईंचं घर मे महिन्यात विकायचं, हे गावानं केव्हाच ठरवून टाकलं होतं. मेमध्ये खोऱ्यात गुलाबाची तोडणी चालते, अंगणातली चेरी लाल होते, मांडवावर द्राक्षाची पालवी येते. तेव्हा शहरातला माणूस फार घासाघीस करत नाही. बाई विधवा, लेक प्लोवदिव शहरात. उन्हाळ्यात तिच्याकडे जायचं, एवढंच ठरलेलं.

आणि नोव्हेंबरात, धुक्यात, चिखल तुडवत ल्युबेन नावाचा माणूस दारात उभा राहिला.

"मावशी, घर विकायचंय म्हणे?"

"मेमध्ये."

"मला आत्ताच बघायचंय."

त्यानं चेरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट तळघरात उतरला, भिंतींवर बोटांनी टकटक केली, कोपऱ्यात उकिडवा बसून माती चोळून पाहिली. चार दिवसांनी धो धो पावसात परत आला, पुन्हा तळघरातच.

शेजारचा स्तोइल कुंपणावर हात टेकून सगळं बघत होता.

"ताई, कुठंतरी पाणी मुरतंय. नोव्हेंबरात घर कोण बघतं? हे घराला नाही, घराखालच्या मालाला आलेलं गिऱ्हाईक आहे."

"कसला माल?"

"तुर्कांच्या काळातलं सोनं! वरच्या गावात नाही का एकाला हंडा सापडला?"

हंडा कुणीच पाहिला नव्हता. पण बाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. नवऱ्याचा आजा पैशाच्या बाबतीत आतल्या गाठीचा होता, हे त्यांनी सासूच्या तोंडून ऐकलं होतं. ल्युबेननं नेमकी कोपऱ्यातलीच माती का चोळली असावी?

दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ-फावडं घेऊन दोघं तळघरात उतरली. राकिया दारूच्या बाटलीनं स्तोइलला जोर येत होता. संध्याकाळपर्यंत कमरेइतका खड्डा झाला. निघालं काय, तर फुटकं मडकं आणि घोड्याचं हाड. रात्रीतून खड्ड्यात गढूळ पाणी साचलं.

नेमका तेव्हाच ल्युबेन आला. खड्डा पाहून त्याचा चेहरा उतरला.

"हे काय? काय लपवताय माझ्यापासून?"

"मी लपवतेय?" बाई उसळल्या. "तूच सांग बाबा, तू काय शोधत होतास इथं?"

"ओल!" तो ओरडलाच. "पाणी कुठं मुरतंय तेच बघत होतो. सहा वर्षांपूर्वी असंच एक घर घेतलं होतं, मेमध्ये. नवरीसारखं नटलेलं. हिवाळ्यात भिंतीवर काळी बुरशी चढली, बायकोला दम्यानं बेजार केलं. तेव्हापासून मी घर बघतो ते त्याच्या वाईट दिवसांत."

बाईंना वाटलं, खरं बोलतोय. मग वाटलं, इतकं चटकन उत्तर? पाठ केल्यासारखं.

"माझ्या तळघरात कधी ओल नव्हती," त्या म्हणाल्या. "हे खणल्यामुळं झालं."

"असं सगळेच म्हणतात, मावशी."

तो निघून गेला. बाईंनी खड्डा बुजवला, माती दाबून बसवली आणि हिवाळाभर स्तोइलशी धड बोलल्या नाहीत. मार्चमध्ये बर्फ वितळून गल्लीतून ओढा वाहत असताना ल्युबेन बायकोला घेऊन आला. तळघर कोरडं ठाक होतं. बायकोनं खोल श्वास घेतला आणि हसली. मेची वाट न पाहता सौदा झाला, आणि भावही मेमध्ये मिळाला असता त्याहून फार कमी नाही.

प्लोवदिवला गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी स्तोइलचा फोन आला.

"ताई, खणतोय तो! चेरीमागं."

"पावसाच्या पाण्याला चर काढत असेल," बाई म्हणाल्या.

"तोही तसंच सांगतोय."

बाईंनी फोन ठेवला. लेकीनं वाढलेलं घेवड्याचं सूप निवत चाललं होतं. दोन चमचे घेतले आणि त्यांनी पुन्हा फोन उचलला.

"स्तोइल, किती खोल खणलंय रे त्यानं?"