चांद्याचा कान

पोळ्याच्या दिवशी बैलाच्या अंगावर जुनं काही राहू द्यायचं नाही, हा हिलालचा हट्ट होता. स्वतःचा सदरा कॉलरला विरलेला असला तरी चालेल. बैलांना मात्र वेसण नवी, कासरा नवा, गोंडेसुद्धा पारोळ्याच्या बाजारातून आणलेले नवे. जुनं सगळं उतरवून गोठ्यातल्या खुंटीला टांगायचं.

यंदा चांद्या आणि लाल्या या दोन्ही बैलांच्या कानांत एकेक पिवळी प्लास्टिकची पट्टी होती. गुरांच्या डॉक्टर पुनमताईंनी पावसाळ्याच्या तोंडाशी ती बसवली होती. प्लास्टिकातच मुरवलेलं औषध रोज थोडं थोडं अंगावर उतरतं, माश्या टिकत नाहीत. गावोगाव गुरांमध्ये लंपीची साथ पसरली होती, आणि चावणाऱ्या माश्या ती एका गुरावरून दुसऱ्यावर नेतात. म्हणून दिवाळीपर्यंत पट्टी काढू नका, असं त्यांनी बजावलं होतं. खरंच, तेव्हापासून चांद्याच्या शेपटीला जरा उसंत मिळाली होती.

पण बैल धुऊन, शिंगं रंगवून झाल्यावर शेणाने काळवंडलेली ती पट्टी हिलालच्या डोळ्यांत खुपायला लागली.

"कैची आन," तो बायकोला म्हणाला.

"डाक्टरीनबाईनी सांगेल शे, काढानी नही," कोकिळा म्हणाली.

"आज पोया शे. बठ्ठं नवं पाह्यजे. उद्या नवी लई येसू."

लाल्याने कानाला हातच लावू दिला नाही. अशी मान झटकली की कात्री उकिरड्यात जाऊन पडली. "ऱ्हाय मंग तसाच!" हिलाल करवादला. चांद्याने मात्र मान खाली घालून कान पुढे केला. वासरू होता तेव्हापासून हाच हात त्या कानामागे खाजवत आला होता. त्याने डोळेसुद्धा मिटले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कळलं, पट्ट्या संपल्या आहेत.

पुढे चांद्याच्या अंगावर गाठी उठल्या, पाय सुजले. तो बसला तो उठलाच नाही. पुनमताई येऊन सुया देत राहिल्या. कानाचं रिकामं भोक त्यांना दिसलं. "लस दिली होती भाऊ, तरी झालं. पट्टी असती तरी टळलंच असतं असं नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर हिलालला बरं वाटलं असतं.

चांद्याला बांधाजवळ पुरून तो गोठ्यात आला. हातात पोळ्याची नवी वेसण होती. ती टांगायला खुंटीपाशी गेला, तर जुन्या दोरांबरोबर चांद्याची पट्टी तिथेच लोंबत होती, आणि खाली जमिनीवर मेलेल्या माश्यांचा काळा सडा पडला होता. चांद्याला सोडून ती पट्टी खुंटीला राखत बसली होती. हिलाल खाली बसला आणि हमसून हमसून रडला.

मग उठून तो लाल्याजवळ गेला. त्याच्या कानातली पट्टी शाबूत होती. हिलालने कानामागे खाजवायला हात पुढे केला.

लाल्याने मान झटकली.