जिभेवरचे तीन थेंब

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आजारी मुलांना कडेवर घेतलेले आईबाप माना उंचावून पाहत होते. मंचावरच्या जनुकगुरूंनी एका मुलीची लाळ गुलाबी कागदाला लावली. काहीच झालं नाही. मग कुपीतले तीन थेंब तिच्या जिभेवर सोडून पुन्हा कागद लावला. कागद निळा!

“झिंक फिंगर प्रोटीन! जस्ताची बोटं! रक्तातला दोष चिमटीत धरून उपटतात. डॉक्टरांना जमलंय कधी?”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

ती मुलगी माझी भाची, चिंगी. तिला थॅलेसेमिया आहे; दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. गुरूंच्या सांगण्यावरून ताईने सात आठवडे ते बंद ठेवलं होतं, आणि मला हे आजच कळलं होतं. पोरीला धड उभंही राहवत नव्हतं.

अशीच प्रथिनं मी प्रयोगशाळेत जिवाणूंकडून बनवून घेतो. ती डीएनएला कुठं चिकटतात हे तपासतो. आमच्या कुप्या उणे ऐंशी अंशांत असतात, त्यांवर लिहिलेलं असतं : केवळ संशोधनासाठी. गुरूंची कुपी सदऱ्याच्या खिशात होती!

मी मंचावर चढलो. त्यांच्याच पेल्यातल्या पाण्यात कागद बुडवला. गुलाबीच राहिला.

“अहो, श्रद्धा लागते!” गुरू ओरडले.

मी कुपी हिसकावून थेंब पाण्यात टाकले. नवा कागद बुडवला. तो निळा झाला.

“या पेल्याला कुठला आजार होता हो?”

कुणीतरी हसलं.

“मामा, ते सोड्यासारखं लागतं,” चिंगी म्हणाली.

“सोडाच असणार. हा कागद लिटमस आहे, सोड्याने निळा होतोच. आणि खरं प्रथिन असतं तरी पोटात अंड्यासारखं पचून गेलं असतं.”

ताईने माझा दंड धरला. “मग मी काय करू? तुझ्या त्या फ्रीजमध्ये आहे का हिचं औषध?”

“नाही, ताई. अजून नाही. पण रक्त आहे. ते आज मिळेल.”

ताईने चिंगीला उचललं. गुरू मागच्या दाराने केव्हाच पसार झाले होते.

“हृदयावर ताण आलाय. आत्ताच काही सांगता येत नाही,” रुग्णालयात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रक्त थेंबथेंब चढू लागलं.

कुणी चमत्कार दाखवला, तर तो साध्या पाण्यावरही करून पाहा. एवढं केलं असतं, तर पोरीचे सात आठवडे वाचले असते.

दुसऱ्या दिवशी वॉर्डच्या दारात सभागृहातलं एक जोडपं आलं, कडेवर निपचित पोर. बाईने दबकत विचारलं, “खरंच नुसता सोडाच होता का हो?”

“हो,” ताई म्हणाली. “याचं रक्त कधीपासून थांबवलंय?”

बाई रडू लागली.

“रडा नंतर. आधी त्याला आत आणा.”