मामाच्या लिस्बनमधला ऑगस्ट

मी लिस्बनमध्ये पर्यटकांना विजेच्या तीनचाकी रिक्षातून फिरवतो आणि दिवसाला सरासरी चाळीस गोष्टी खोट्या सांगतो. पर्यटकाला सनावळ्या लागतात, राजे लागतात, प्रत्येक खिडकीमागे एखादी विधवा लागते. मी पुरवतो. हा गुण माझ्यात कुठून आला याचा मला पत्ता नव्हता. मे महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी बेल्मिरो मामाचा फोन आला, तेव्हा कळलं की तो गुण आईच्या माहेरून आलाय.

"टेल्मो, एकटा आहेस का?"

"रिक्षात चार डॅनिश माणसं आहेत."

"त्यांना आपली भाषा येते?"

"नाही."

"मग ऐक. मी लिस्बन पाहिलेलं नाही."

मी रिक्षा बाजूला घेतली. डॅनिश लोकांना वाटलं इथे काहीतरी बघण्यासारखं आहे. त्यांनी एका विजेच्या डब्याचे फोटो काढले.

मला हादरायला कारण होतं. उत्तरेला डोंगरांपलीकडे आमचं उर्झेदो गाव आहे. तिथे माणसं दोनशे, मेंढ्या साडेतीनशे, आणि लिस्बन म्हणजे बेल्मिरो मामा. सत्त्याहत्तर साली त्याने सक्तीची लष्करी नोकरी लिस्बनमध्ये केली. सव्वा वर्ष. त्यानंतरची अठ्ठेचाळीस वर्षं तो खानावळीत शेकोटीजवळच्या खुर्चीत बसून लिस्बन सांगतोय. आईने त्याला आमच्याकडे, इथे लिस्बनला, किती वेळा बोलावलं. दरवेळी तो हात झटकायचा. "लिस्बनने माझं पोट भरलंय गं. तुम्हीच या नाताळला."

"मग ते सव्वा वर्ष होतास कुठे?" मी विचारलं.

"विला रियालला."

विला रियाल आमच्या गावापासून चाळीस किलोमीटरवर आहे. आजीची दाढ तिथेच काढली होती.

"छावणीच्या स्वयंपाकघरात," मामा म्हणाला. "बटाटे सोलायला."

"आणि सुट्टीत घरी का येत नव्हतास?"

"लिस्बनहून एवढ्या लांब कोण येतं?"

बाजाराच्या दिवशी गावातली माणसं विला रियालला यायची. त्या दिवशी मामा बटाट्यांच्या पोत्यांमागे लपायचा. हे सगळं एर्मेलिंदा मामीसाठी. तेव्हा ती मामी नव्हती. तिचं एवढंच म्हणणं होतं, की जनावरांच्या बाजारापलीकडे ज्याने काही पाहिलंय अशाच माणसाशी लग्न करीन. मागणी घालणारे दोघे होते. एक झेफेरिनो, ज्याने पोर्तो शहर पाहिलं होतं, तेही दोनदा. दुसरा मामा, ज्याने छावणीचा गणवेश घातला आणि त्याच आठवड्यात तिला पहिलं पत्र लिहिलं: 'प्रिय एर्मेलिंदा, लिस्बन फार मोठं आहे.'

"पण तू सांगतोस ते खरंच आहे की इथे," मी म्हणालो. "बेलेंचा बुरूज, रोसियोचा चौक..."

"कॅलेंडर होतं. स्वयंपाकघरात. बटाट्याच्या बियाण्यांचं. बारा महिने, बारा चित्रं."

तेव्हा एक जुनं कोडं सुटलं. मामाच्या लिस्बनमध्ये बेलेंच्या बुरुजाभोवती कायम धुकं असायचं, कारण तो जानेवारी होता. रोसियो चौकात बारा महिने पाऊस पडायचा, कारण तो नोव्हेंबर होता. मी लहानपणी मामाला एकदा म्हटलं होतं, मी रोसियोवर ऊन बघितलंय. तो म्हणाला होता, तू अजून लहान आहेस.

"म्हणजे तुला बारा ठिकाणं माहीत आहेत."

"अकरा. ऑगस्टच्या पानावर आचाऱ्याने तळलेली सॉसेजं निथळायला ठेवली. ऑगस्ट तेलाने असा पारदर्शक झाला की त्यातून सप्टेंबर दिसायचा." मामाने मोठा श्वास घेतला. "आता खरं संकट ऐक. ग्रामसभेने यंदा ज्येष्ठांची सहल लिस्बनला काढली आहे. सत्तेचाळीस माणसं. मार्गदर्शक मी. ठराव एकमताने झाला. सूचना झेफेरिनोची."

"त्याला संशय आलाय?"

"त्याला जन्मापासून संशय आहे. माझा जीव एर्मेलिंदापायी खालीवर होतोय. तिने लिस्बन बघितलेल्या माणसाशी लग्न केलंय, टेल्मो. या वयात तिला कळलं की बटाटे सोलणाऱ्याशी केलं, तर मी कुठल्या तोंडाने तिच्यासमोर सूप पिऊ?"

आम्ही बेत आखला. मी भाचा म्हणून सहलीत सामील व्हायचं आणि मामाच्या मागे चालायचं. एकदा खोकलो की डावीकडे, दोनदा खोकलो की उजवीकडे. तीनदा म्हणजे थांब आणि अभिमानाने वर बघ. लिस्बनमध्ये वर बघितलं की काही ना काही सापडतंच.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊला बस बेलेंला लागली. आकाश इतकं निळं होतं की धुवून वाळत घातल्यासारखं दिसत होतं. बसमधून सत्तेचाळीस माणसं उतरली आणि सगळ्यांच्या अंगात लोकरीचे स्वेटर होते. कॉड माशाच्या वड्यांचे डबे, पावाची पोती आणि वाईनची एक बुधली पाठोपाठ उतरली.

मामा पुढे झाला. बुरूज उन्हात पांढराशुभ्र चमकत होता, पायथ्याशी पाणी, आणि दगडावर जाडजूड दोर कोरलेले, जणू कोणी अख्खा बुरूज होडीला बांधून न्यायला निघालं होतं. मामाने तो बघितला आणि त्याचा खालचा ओठ थोडा लटकला. छत्तीस वेळा सांगितलेली गोष्ट त्याच्यासमोर उभी होती आणि त्याने सांगितल्यापेक्षा बरी होती. मी तीनदा खोकलो.

"हा बुरूज," मामा म्हणाला. "तसाच आहे."

मग झेफेरिनो पुढे आला. लांबुळका, वाळका माणूस, कॉलरच्या आत मफलर. त्याने डोळ्यांवर आडवा हात धरला, स्वच्छ उन्हात बुरुजाकडे बघितलं आणि म्हणाला, "काय धुकं आहे रे बाबा. बेल्मिरो म्हणालाच होता."

"हातभरावरचं दिसत नाहीये," त्याच्या मागची बाई म्हणाली आणि स्वेटरची बटणं लावली.

ही सरळ टिंगल होती. मामीकडे बघितलं तर ती शांतपणे कागदी खोक्यातून बेलेंचे गरम नाता वाटत होती, मलई भरलेले छोटे टार्ट, वर दालचिनी भुरभुरलेले.

रोसियोवर याहून वाईट झालं. चौकाच्या फरशीवर काळ्यापांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत. सपाट जमीन, पण म्हाताऱ्या बायकांनी त्यावर पाऊल टाकण्याआधी झगे वर उचलले. मामा मधोमध उभा राहून काही बोलणार, एवढ्यात पाठीमागे फाडफाड आवाज झाला. रणरणत्या उन्हात सत्तेचाळीस काळ्या छत्र्या उघडल्या होत्या.

"इथे पडतोच," झेफेरिनो म्हणाला.

जपानी पर्यटकांचा एक गट धावत आला आणि फोटो काढू लागला. त्यांच्या मार्गदर्शकाने मला हळूच विचारलं, हा कुठला सण? मी म्हणालो, नोव्हेंबर. त्याने लिहून घेतलं.

मामा माझ्या कानाशी आला. त्याच्या कपाळावर घाम होता. "माझी मजा घेतायत का रे?"

"पुढे चल. नाता खाऊन घेतो, मग खोकतो."

इथे मी चूक केली. नाता अख्खा तोंडात टाकला, वरची दालचिनी घशात गेली आणि मला असा ठसका लागला की थांबेना. मामा पुढून मोजत होता. डावीकडे वळला. उजवीकडे वळला. परत उजवीकडे, एका बोळात, मग डावीकडे, आणि थांबून अभिमानाने वर बघितलं. तो न्हाव्याच्या दुकानात उभा होता. त्याच्या मागे एकेक करत सत्तेचाळीस माणसं टोप्या काढून आत आली. न्हावी आरशातून आम्हाला बघत राहिला. त्याच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला एक वडा मिळाला.

"हे," मामा म्हणाला आणि कात्र्यांच्या ओळीकडे बघितलं. "लिस्बनमधलं सगळ्यात जुनं केशकर्तनालय."

"मार्चमध्ये उघडलंय," न्हावी म्हणाला.

अख्ख्या गावाला त्या क्षणी ऐकू येणं बंद झालं. झेफेरिनो गंभीरपणे खुर्चीत बसला आणि म्हणाला, "जुनं आहे तर दाढी करूनच घेतो." त्याची दाढी होईपर्यंत सगळे देवळात असल्यासारखे उभे होते.

बाहेर आल्यावर अडोझिंडा आजींनी मला पकडलं. अठ्ठ्याऐंशीच्या या बाई गावच्या पोस्टात चाळीस वर्षं होत्या. टपाल त्याच आणायच्या, त्याच वाटायच्या.

"सकाळपासून खोकतो आहेस," त्या म्हणाल्या. "तोंड उघड."

मधाचं काहीतरी कडू औषध त्यांनी माझ्या घशात ओतलं आणि गळ्याला शाल गुंडाळली. "आता एकदाही खोकलास तर बसमध्ये झोपवीन."

म्हणजे इशारे संपले. पुढे मामा एकटा होता. त्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं, मी शालीतून खांदे उडवले. मग तो डोक्यावरची टोपी नीट करून रस्ता उतरेल तिकडे चालू लागला, जसा डोंगरात वाट चुकलेला माणूस पाण्याच्या दिशेने जातो. तो हमरस्ता थेट एका प्रचंड कमानीपाशी जातो. मला माहीत होतं कमानीपलीकडे काय आहे. हेही माहीत होतं की मामाच्या अकरा गोष्टींमध्ये ते नाही.

आम्ही कमानीच्या सावलीतून बाहेर आलो आणि शहर संपलं. तेरेरो दो पासो. तीन बाजूंना पिवळ्या कमानींच्या ओळी, मध्ये एवढं मोठं अंगण की त्यात आमचं गाव मेंढ्यांसकट मावलं असतं, आणि चौथ्या बाजूला भिंतच नाही. तिथे नदी. तेजो इथे नदी असल्याचं विसरते आणि समुद्रासारखी पसरते. मी या शहरात जन्मलो, रोज आठ फेऱ्या मारतो, तरी त्या कमानीतून बाहेर पडताना रिक्षा आपोआप हळू होते. या एका जागेबद्दल मी पर्यटकांशी कधी खोटं बोललेलो नाही. गरजच पडत नाही.

मामा चालतच राहिला. चौक ओलांडला, रस्ता ओलांडला, थेट काठाशी गेला. तिथे संगमरवरी पायऱ्या पाण्यात उतरतात आणि दोन बाजूंना दोन खांब पाण्यात उभे आहेत. राजवाड्याचं दार असावं आणि आत खोलीच्या जागी नदी असावी, तसं. भरती चढत होती. एकेक पायरी पाण्याखाली जात होती.

मामाने टोपी काढली.

"ऑगस्ट," तो मला म्हणाला. हळू.

सत्तेचाळीस माणसं मागे येऊन थांबली आणि त्याच्या तोंडाकडे बघू लागली. एक सीगल आला, वडा घेऊन गेला. कोणी हललं नाही.

शेवटी झेफेरिनो म्हणाला, "बेल्मिरो, हे तू कधी सांगितलं नाहीस."

"नाही," मामा म्हणाला. "हे मी बघितलं नव्हतं." त्याचे हात टोपी चुरगळत होते. मामीकडे वळून तो म्हणाला, "एर्मेलिंदा, आणि खरं सांगायचं तर मी..."

"खरं नंतर सांग," मामी म्हणाली. "आधी बूट काढ. पाणी चढतंय."

"पण मला..."

"तुला रजा कमी मिळायची. सगळं कधी बघून होणार होतं? बस इथे."

तिने त्याला दंडाला धरून पायरीवर बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि मोजे काढले. मग सगळं गाव बसलं. चौऱ्याण्णव पाय तेजोत गेले. झेफेरिनोने स्वेटर काढला. छत्र्या मिटलेल्या राहिल्या.

अडोझिंडा आजी गुडघ्यांमुळे वरच्या पायरीवर होत्या. मी त्यांच्याजवळ बसलो आणि विचारलं, "आजी, आज सगळ्यांनी त्याची एवढी थट्टा का केली?"

"कोणी केली थट्टा?"

"धुकं. छत्र्या."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू औषधाचा आणखी एक चमचा द्यावा का असा विचार करत होत्या. "अठ्ठावन्न पत्रं मी एर्मेलिंदाच्या हातात दिली आहेत, पोरा. प्रत्येकावर शिक्का विला रियालचा. तिने पहिल्याच पत्रावर वाचला. मी तिच्याआधी वाचला. टपाल खानावळीत उघडायचं, म्हणजे गावाने मधल्या मध्ये वाचला."

"मग अठ्ठेचाळीस वर्षं कोणी बोललं कसं नाही?"

"आमच्याकडचे हिवाळे केवढे असतात माहीत आहे ना? आणि तो सांगतो किती छान." त्यांनी पायऱ्यांकडे बोट दाखवलं. झेफेरिनो मामाच्या पलीकडे बसून त्याला वाईन ओतत होता. "गेल्या हिवाळ्यात हा झेफेरिनोच म्हणाला, वयं झाली, बिचाऱ्या बेल्मिरोला एकदा लिस्बन दाखवून आणू. आम्ही ठराव केला."

"पण त्यालाच मार्गदर्शक केलंत?"

"नुसतं चल म्हटलं असतं तर आला असता? म्हणाला असता, माझं पोट भरलंय."

खाली मामी मामाच्या कानात काहीतरी बोलली. तो हसला, मान हलवली आणि दोन्ही हात पसरून नदीची रुंदी मोजू लागला. पलीकडचा काठ दिसत होता, पण मामाचे हात त्याच्याही पुढे गेले.

ते तिथून साडेपाचलाच उठले. बाकीची नऊ ठिकाणं राहिली. कोणी विचारलंही नाही. बसमध्ये मामाने माइक घेतला आणि जे सगळ्यांनी तासाभरापूर्वी बघितलं होतं ते त्यांना घरापर्यंत सांगितलं.

पंधरा दिवसांनी मामीचा फोन आला. मागे खानावळीचा आवाज होता आणि त्यात मामाचा.

"टेल्मो, त्या पायऱ्यांपाशी पाण्यात खांब किती आहेत रे?"

"दोन, मामी. तू स्वतः बघितलेस."

तिने फोनवर हात ठेवून कुणाला तरी काही विचारलं, आणि परत आली.

"पाच आहेत," ती म्हणाली. "उद्या कामाला जाशील तेव्हा नीट मोज."