चाखणारीचा शब्द

फरिदाच्या हाताला चव होती, पण जिभेला धीर नव्हता. प्रश्न विचारायचा आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत उत्तरही आपणच देऊन मोकळं व्हायचं, हा तिचा खाक्या. एरवी खपून जायचं. रमजानमध्ये मात्र पंचाईत. पनवेलच्या तिच्या स्वयंपाकघरातून इफ्तारचं जेवण घरोघर जायचं आणि रांधणारे सगळे रोज्याचे. जिभेला टेकवून थुंकायची मुभा असते म्हणतात, पण सासूच्या काळापासून या घरात ती कोणी घेतली नव्हती. म्हणून चाखायचं काम धंद्यातल्या भागीदार, नवीन पनवेलच्या सुमतीताईंचं.

गेल्या शुक्रवारी रश्शाचा घोट घेऊन सुमतीताई म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे, पण..."

"कळलं, लिंबू पिळते," म्हणत फरिदाने झाकण ठेवलंसुद्धा. अहो, नारळ खवट होता! सगळ्यात मोठं गिऱ्हाईक नझीरशेठ, त्यांच्याकडच्या पाहुण्यांनी ताटं तशीच सरकवली. शेठचा फोन आल्यावर फरिदाने सगळ्यांदेखत सुमतीताईंना विचारलं, "चाखलं होतंत ना तुम्ही?"

तेव्हापासून सुमतीताई प्रत्येक पातेल्याला एकच शब्द म्हणू लागल्या. खिचडा छान, खीर छान, चटणीही छान. आधी फरिदाला बरं वाटलं. मग उमगलं. सगळंच छान म्हणणारी चाखणारी असून नसून सारखीच.

आज नझीरशेठनी शेवटची संधी दिली होती. बिनसलं, तर ईदची ऑर्डर दुसरीकडे, आणि ईदवरच या स्वयंपाकघराचं वर्ष निघायचं. गहू, डाळ, मटण एकत्र घोटलेल्या खिचड्यात फरिदाने स्वतः मीठ घातलं. आपल्या हाताचं मीठ आजवर चुकलं नाही, हे ती अख्ख्या पनवेलला ऐकवत असे.

सुमतीताईंनी चमचा तोंडात घातला. छान, म्हणाल्या.

फरिदा झाकण हातात धरून उभी राहिली. जीभ नुसती वळवळत होती, पण तिने दात आवळून धरले. बाहेर तिचा दीर शाहीद टेंपोचा हॉर्न वाजवत होता.

"छान म्हटलं ना," सुमतीताई म्हणाल्या.

"ऐकलं. पण तुमचं बोलणं संपलेलं नाही, ताई."

सुमतीताई चमचा खाली ठेवून म्हणाल्या, "खारट झालंय. खूप."

शाहीद तेवढ्यात आत आला होता. तो भडकलाच. भाभीचं मीठ चुकणं शक्य नाही, ताई त्या दिवसाचा राग काढतायत, असं तो तोंडावर बोलला. वाटीभर खिचडा काढून त्याने फळीवर ठेवला. अजान झाली की चाखू, मग कळेल कोण खरं.

खोटं कशाला बोला, क्षणभर फरिदालाही तसंच वाटलं होतं. त्याची तिला लाज वाटली. चाखायची तर सोय नव्हती. एकीकडे स्वतःचा हात, दुसरीकडे ताईंची जीभ. उद्यासाठी बिनमिठाचे शिजवून ठेवलेले गहू आणि डाळ तिने सगळी पातेल्यात ओतली आणि घोटायला घेतलं. मग फळीवरची ती वाटी उचलली आणि तीही पातेल्यात उलटी केली.

"भाभी, आता कळणार कसं?" शाहीद म्हणाला.

"कळलंय की," म्हणत फरिदाने नवा चमचा सुमतीताईंपुढे धरला.

या वेळी त्यांनी सावकाश चाखलं. "मीठ आता बसलं. पण..." म्हणाल्या, आणि सवयीने थांबल्या.

फरिदा वाट बघत उभी राहिली.