बुधवारच्या भेटीचे टेबल

मित्रांनो, मी एक जुने, बुटके टेबल आहे. माझी उंची जेमतेम दीड फूट. मोठी माणसे माझ्याजवळ बसली की त्यांचे गुडघे छातीला लागतात आणि ती अवघडतात. तुमच्या वयाच्या मुलांना मात्र मी बरोबर मापाचे आहे. नाशिकमध्ये जिथे घरातल्या भांडणांचे दावे चालतात, त्या न्यायालयाच्या तळमजल्यावर मुलांची एक खोली आहे. मी तिथे असते.

माझा जन्म देवळाली कॅम्पचा. तोफखान्यातल्या रिकाम्या पेट्यांच्या फळ्या बारकू मिस्त्रींनी विकत आणल्या, त्यांना रंधा मारला आणि एका बालवाडीसाठी मला बनवले. माझे कोपरे त्यांनी घासून घासून गोल केले. "पोरं धडकणार म्हणजे धडकणारच," असे ते म्हणायचे. बालवाडीत जवानांची मुले यायची. वडिलांची बदली झाली की ती जायची आणि दुसरी यायची. सोळा वर्षे माझ्यावर मातीचे बैल झाले, डबे सांडले, पाढे घोकले गेले. माझे कौतुकही खूप झाले. मग बालवाडी बंद पडली. पुढची चार वर्षे मी एका व्हरांड्यात पाण्याचा माठ डोक्यावर घेऊन उभे होते. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

तिथून मला संजना मॅडमनी आणले. मॅडम न्यायालयात समुपदेशक आहेत. भांडणाऱ्या आईबाबांशी आणि त्यांच्या मुलांशी बोलायचे आणि आपल्याला काय दिसले ते न्यायाधीशांना लिहून द्यायचे, हे त्यांचे काम. त्यांनी मला पिवळा रंग दिला आणि या खोलीत ठेवले.

आई आणि बाबा वेगळे झाले की मूल कोणाजवळ राहणार, हे कधी कधी न्यायाधीशांना ठरवावे लागते. ते ठरेपर्यंत, ज्याच्याजवळ मूल नसते त्या पालकाने मुलाला इथे येऊन भेटायचे. अशा शेकडो भेटी मी पाहिल्या. सुरुवातीला मला वाटे, जो मोठे खेळणे आणतो तो चांगला पालक. माझा हा समज चुकीचा होता. तो योगिनीमुळे गेला.

योगिनी तिसरीत होती. तिचे वडील गोरक्ष मखमलाबादला झेंडू आणि शेवंती पिकवतात. आई सुवर्णा सिन्नरच्या एका कारखान्यात पॅकिंगचे काम करते आणि माहेरी राहते. योगिनी तात्पुरती आईजवळ होती. दर बुधवारी चार ते साडेपाच ही वडिलांची वेळ. मुलगी माझ्याकडे द्या, असा दोघांचाही अर्ज होता. आई पाळीवर जाते, मुलगी मामाच्या जिवावर असते, असे गोरक्षने लिहिले होते. वडिलांना मुलीची इयत्तासुद्धा ठाऊक नाही, असे सुवर्णाने. निकाल दिवाळीआधी लागायचा होता.

पहिल्या बुधवारी गोरक्षने बॅटरीवर चालणारी मोटार आणली. ती माझ्यावर मावेना. मोटार फिरत असताना त्याने हळूच विचारले, "तिकडं माझ्याबद्दल काय बोलतात गं?" माझ्या कडेचा पिवळा रंग योगिनी नखाने खरवडत राहिली. मोटारीकडे तिने पाहिलेही नाही.

आईचीही चूक झाली. पुढच्या बुधवारी योगिनीने मॅडमना एका दमात सांगितले, "मला आईकडेच राहायचं आहे, कारण बाबा जबाबदार नाहीत."

"जबाबदार म्हणजे काय गं?" मॅडमनी विचारले.

"ते आई सांगेल," योगिनी म्हणाली.

त्या दिवशी मॅडमनी योगिनीला शेजारच्या खोलीत चित्रे काढायला बसवले आणि आईबाबांना माझ्या दोन बाजूंना बसवले. दोघांचेही गुडघे छातीला.

"पगार किती, शेत किती, हे कागदावर आहे," मॅडम म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, योगिनी आजारी पडली की काय करते?"

"गप होते," सुवर्णा म्हणाली. "ताप असला तरी सांगत नाही. कान लाल झाले की समजायचं."

गोरक्ष माझ्याकडे पाहत म्हणाला, "मला वाटायचं, पोरगी शहाणी हे. रडत नाय." मग त्याने सुवर्णाला विचारले, "आन् औषध? घेती का?"

"कडू घेते. गोड औषध ओकते."

वर्षभरात ते दोघे एकमेकांशी सरळ बोलले, ते हे एवढेच. मॅडमनी काही लिहिले. काय लिहिले ते मला दिसले नाही, पण त्यानंतर गोरक्षने खेळणी आणणे बंद केले. तो पिशवीत झेंडूची फुले आणू लागला आणि योगिनीला माळ ओवायला शिकवू लागला. पहिली माळ तिने ओवली ती माझ्यापेक्षाही लांब झाली. "आता ही कोणाला घालायची?" तिने विचारले. "टेबलालाच घाल," गोरक्ष म्हणाला. तिने खरोखरच ती माझ्या चारही पायांना गुंडाळली. मित्रांनो, बालवाडीतही माझा असा मान झाला नव्हता.

तरी गोरक्षची एक अडचण होती. गौरी-गणपतीच्या दिवसांत तो दोनदा आला नाही आणि कळवलेही नाही. भेटींची एक वही असते. तिच्यात हजेरी लागते आणि शेवटी मुलाला आणणाऱ्या पालकाच्या शेऱ्याचा रकाना असतो. तिसरी गैरहजेरी लागली की अहवालात 'वडिलांना मुलीच्या भेटीचे महत्त्व वाटत नाही' असे जाणार होते. मग मुलगी त्याच्या घरी राहायला जाणे कठीणच.

तिसरी गैरहजेरी लागली ती खंडेनवमीला. दुसऱ्या दिवशी दसरा. चार वाजले, साडेचार वाजले, पाच वाजले. फोन लागेना. योगिनीने एकाच पानावर बारा फुले काढली. सुवर्णासोबत तिचा भाऊ रविराज आला होता. तो खूश झाला.

"बघा मॅडम, बापाला पोरीपेक्षा झेंडू प्यारा. लिहून घ्या," तो म्हणाला.

"शेरा आईने लिहायचा असतो," मॅडमनी वही सुवर्णासमोर, म्हणजे माझ्यावर ठेवली.

सुवर्णाने पेन घेतले, पण टेकवले नाही. "दादा, आज कोणता दिवस हे?"

"खंडेनवमी. मग?"

"मग आज झेंडूवाला घरी बसंल का? मी नऊ दसरे तोडणी केली त्याच्यासंगं. आजचं फूल आजच जातं. उद्या दुपारनंतर त्याला गाईसुद्धा तोंड लावत नाही. आज तो शेत टाकून इथं आला असता, तर मीच त्याला येडा म्हटलं असतं."

"तुझ्या वकिलानं ऐकलं ना, तर डोकं आपटून घेईल."

"घेऊ दे. त्याचंच डोकं हे."

"अगं पण पोरगी जाईल हातातून!"

सुवर्णाने योगिनीकडे पाहिले. योगिनी तेराव्या फुलात रंग भरत होती. सुवर्णाने लिहायला सुरुवात केली. ती जोर देऊन लिहिते, त्यामुळे प्रत्येक अक्षर माझ्या फळीपर्यंत पोचले. 'आज झेंडूची तोडणी असते. हे मला माहीत होते, पण मी तारीख बदलून मागितली नाही. यापूर्वीच्या दोन्ही वेळाही फुलांच्या हंगामातल्या होत्या. भेटीला दुसरा दिवस द्यावा.' खाली सही.

रविराज रागाने बाहेर निघून गेला आणि थोड्या वेळाने तिघांना चहा आणि योगिनीला बिस्किटे घेऊन परत आला.

पुढच्या बुधवारी गोरक्ष वेळेआधी आला. तोडणीने त्याची बोटे अजून काळीहिरवी होती. मॅडमनी त्याला वही दाखवली. त्याने शेरा वाचला, परत वाचला. मग म्हणाला, "मॅडम, माझंबी एक लिहून घ्या."

"बोला."

"मी पहाटे तीनला उठतो, चारला बाजारात असतो. पोरगी उठती तेव्हा मी घरी नसतो. माझी आई हे घरी, पण तिला ऐकू येत नाय. योगिनीला ताप आला, तर तिचे कान कोण बघणार? शाळा असंल तोवर तिला तिच्या आईकडंच राहू द्या. शनिवार-रविवार मला द्या. ते दोन दिवस माझा भाऊ बाजार करील."

"तुमच्या अर्जात तर उलटं आहे."

"अर्ज वकिलानं लिहिला. मी सही केली," गोरक्ष म्हणाला.

निकाल जवळजवळ तसाच लागला. शाळेचे दिवस आईकडे, शनिवार-रविवार आणि सुटीचा अर्धा भाग वडिलांकडे. दसऱ्याच्या आणि गणपतीच्या आठवड्यात भेटीचे दिवस दोघांनी आपसांत ठरवायचे, असेही त्यात लिहिले आहे. दोघांपैकी कोणीच नालायक ठरले नाही. आईबाबा पुन्हा एकत्र आले नाहीत. ते दोघे अजूनही एकमेकांशी मोजकेच बोलतात, पण ते योगिनीविषयी असते आणि खरे असते. एवढे पुरते, असे मॅडम म्हणतात. मलाही पटते.

शेवटच्या दिवशी मॅडमनी योगिनीला विचारले, "आता बुधवारी येणार नाहीस ना?"

"नाही. बुधवारी माझी कबड्डी असते," ती म्हणाली आणि धावत बाहेर गेली. दप्तर विसरली होती, ते घ्यायला परत आली आणि माझ्या कोपऱ्याला धडकली. तिला लागले नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाचे आईबाबा वेगळे राहत असतील, तर आई चांगली की बाबा, हे ठरवायचे काम तुमचे नाही. कोणी पढवलेले बोलू नका. आपले कान लाल झाले की सांगा, मोठ्यांना ओळखायला लावू नका. आणि घरी गेल्यावर आईबाबांना एवढे विचारा की, मी आजारी पडले की काय करते, ते तुम्हाला माहीत आहे का? माहीत नसेल तर रागावू नका, सांगून ठेवा. मोठी माणसे शिकतात. बुटक्या टेबलाशी अवघडून बसलेली कितीतरी माणसे शिकताना मी पाहिली आहेत.

माझा रंग आता बऱ्याच ठिकाणी गेला आहे. परवा मॅडम डबा आणि कुंचला घेऊन आल्या होत्या. कडेला नखांनी खरवडलेल्या जागा त्यांनी बोटाने चाचपल्या आणि तेवढ्या सोडून मला सगळीकडे रंगवले.