हात न लावता

वाळूजच्या त्या सायलेन्सर बनवणाऱ्या कारखान्यात फारूखभाईंबद्दल वाईट बोलणारं कुणी शोधायचं, तर कॅन्टीनमागच्या मांजरापर्यंत जावं लागलं असतं. आणि तेही बोललं नसतं, कारण दुपारी त्यांच्याच डब्यातली मटणाची बोटी त्याला मिळायची.

शहागंजचे फारूखभाई वेल्डिंग खात्यात नव्या लोकांना शिकवायचे. त्यांच्या जमेला गुण पुष्कळ. आवाज कधी चढला नाही, कुणाची चूक वरपर्यंत पोचवली नाही, आणि हात असा की त्यांच्या वेल्डची रेघ बघून तपासणारा नुसतं बोट फिरवून पुढं जायचा. नावे टाकावी अशी एकच खोड होती. शिकणाऱ्याचं काम बिघडायला लागलं की ते म्हणायचे, "दे इकडं," आणि वेल्डिंगची गन त्याच्या हातातून काढून घ्यायचे. बघता बघता जॉइंट देखणा व्हायचा. शिकणारा खूश, सुपरवायझर खूश, माल पास. त्यामुळं ही खोड सगळ्यांनी जमेलाच धरली होती, खुद्द फारूखभाईंनीसुद्धा.

मग मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. ज्याच्याकडं शिकवण्याचं प्रमाणपत्र नाही, त्यानं इथून पुढं शिकवायचं नाही. प्रॉडक्शन मॅनेजर सुदर्शननं त्यांना केबिनमध्ये बोलावलं. हाही एकेकाळी फारूखभाईंच्याच हाताखाली होता आणि अजून त्यांना चाचा म्हणायचा, मात्र दार लावून घेतल्यावर.

"चाचा, फॉर्मॅलिटी हाय नुसती. पुण्याच्या मॅडम येतील, तुम्ही शिकवून दाखवायचं, त्या सही करतील."

"आणि नाय केली तर?"

"तर लाइनवर जावं लागंल. पण तसं कसं व्हईल? तुम्ही आमचे उस्ताद."

लाइनवर जाणं म्हणजे अख्खी शिफ्ट वाकून उभं राहणं. फारूखभाईंची पाठ त्याला नाही म्हणाली असती, पण पाठीचं ते फार मनावर घेत नसत. भीती त्या उस्ताद शब्दाची होती. तो गेला असता तर मागं उरलं असतं काय, याचा हिशोब त्यांनी कधी केला नव्हता.

परीक्षेच्या सकाळी बायकोनं, यास्मिननं, इस्त्रीचा शर्ट पुढं केला. "तुमचा कसला इम्तिहान घेतात? सगळ्यांना तुम्हीच तर घडवलं." हे वाक्य फारूखभाईंना क्रांती चौकात कंपनीची बस येईपर्यंत पुरलं. बसमध्येही थोडं उरलं होतं.

पुण्याहून आलेल्या श्रेया मॅडम वयानं त्यांच्या लेकीएवढ्या. बोलणं मऊ, पण शब्द मोजून. शिकणारी म्हणून लीलाबाई ठरल्या होत्या. चाळिशी ओलांडलेली बाई, पॅकिंगमध्ये खोके बांधून बांधून कंटाळलेली. सासूचा विरोध पत्करून ती वेल्डिंगला आली होती आणि बरेच दिवस फारूखभाईंच्या शेजारी शिकत होती. आजचा जॉइंट जमला तर तिलाही वेल्डरचा ग्रेड मिळणार होता.

मॅडम म्हणाल्या, "एक जॉइंट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत लीलाबाईंच्या हातून. काका, तुम्ही बोला, खुणा करा, वाटलं तर थांबवा. गनला हात लावायचा तो धोका असेल तेव्हाच."

"समजलं," फारूखभाई म्हणाले. समजलं होतंच. त्यांनी हात मागं बांधले.

लीलाबाईंनी हेल्मेट खाली घेतलं आणि गन दाबली. सुरुवात बरी होती. "आहिस्ता, आहिस्ता, बाई. मनगट सोडा." पाइपच्या वळणावर रेघ डगमगली. "वर, थोडं वर." लीलाबाईंची गन खाली गेली. वेल्डचा आवाज फाटला. तडतड वाढली की धातू कुठं चाललाय ते फारूखभाईंना न बघता कळायचं. आता जाड गोळा बसणार, मग पातळ होणार, मग सगळं वाया. मागं बांधलेले हात एकमेकांना धरून होते. त्यातला एक कधी सुटला ते त्यांनाही कळलं नाही.

"दे इकडं."

रेघ सरळ झाली. वळण असं फिरलं की मागं उभ्या सुदर्शननं मान डोलावली. फारूखभाईंनी हेल्मेट वर केलं, तेव्हा मॅडम जॉइंटकडं बघतच नव्हत्या.

"काका, धोका काय होता?"

"बिघडत होतं ना, मॅडम."

"बिघडणं म्हणजे धोका नव्हे."

फारूखभाईंनी लीलाबाईंकडं पाहिलं. ही बाई आपल्या बाजूनं बोलेल, अशी त्यांना खात्री होती. तिच्याशी ते कधी वाकडं बोलले नव्हते.

"मला करू द्यायचं व्हतं, भाई," लीलाबाई म्हणाल्या. रागानं नाही, जमिनीकडं बघत. "लई दिस झाले. वळण आलं की तुम्ही घेता. वळणाच्या पल्याड काय असतं ते मला ठावंच नाय."

मॅडमनी हळूच विचारलं, "तुम्ही शिकवलेल्यांपैकी हा जॉइंट एकट्यानं करणारं इथं कोण आहे?"

"हैत की." फारूखभाईंनी आठवायला सुरुवात केली. इंद्रजीत स्टोअरला गेला. ओवैसनं छावणीत मोबाइलचं दुकान टाकलं. कुणी क्वालिटीत, कुणी फोर्कलिफ्टवर. जो तो वेल्डिंग सोडून दुसरीकडं लागला होता. याला आपण त्यांची बढती म्हणत आलो. शेवटी त्यांची नजर सुदर्शनवर थांबली. सुदर्शननं फोन काढला आणि त्यात बघू लागला. वेल्डरच्या परीक्षेत त्यानं दाखवलेला जॉइंट कुणाच्या हातचा होता, हे त्या दोघांनाच ठाऊक होतं.

"काका, कोर्स करून पुन्हा बसता येतं," मॅडम म्हणाल्या. "तुमचं काम उत्तम आहे."

"काम," फारूखभाई म्हणाले. "व्हय. काम हाय."

पुढच्या आठवड्यात ते लाइनवर उभे राहिले. कुणी हसलं नाही, उलट चहा आणून द्यायला चढाओढ लागली. ते हसण्याहून जड गेलं. त्यांच्या जागी सत्यम आला, डिप्लोमावाला. त्याची स्वतःची रेघ बेताचीच. लीलाबाईंना ग्रेड मिळाला नव्हता, पण मॅडमच्या शिफारशीवर आणखी मुदत मिळाली होती. लीलाबाईंचं टेबल फारूखभाईंच्या पाठीमागंच होतं.

एका सकाळी पाठीमागं आवाज फाटला. फारूखभाईंची गन थांबली. आता ही बाई जास्त वेळ थांबणार, धातू उतरणार. ते वळले, पाऊलही उचललं. सत्यम दोन्ही हात खिशात घालून उभा होता आणि बघत होता. पाइपला भोक पडलं. फारूखभाई पुन्हा आपल्या जॉइंटकडं वळले. हेल्मेट खाली असलं की माणसाचा चेहरा कुणाला दिसत नाही, ही त्या धंद्यातली एक सोय.

दुपारी लीलाबाई डबा घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"भाई, आज माझ्या हातानं भोक पाडलं."

घरात कुणी पास झाल्यासारखं त्या हे सांगत होत्या.

"ऐकू आलं," फारूखभाई म्हणाले.

"कशानं पडलं ते बी कळलं. वळणावर थांबले मी."

"अच्छा हुआ," ते म्हणाले. "लई चांगलं झालं, बाई."

आणि 'सगळ्यांना तुम्हीच घडवलं' म्हणणाऱ्या यास्मिननं भरून दिलेला डबा त्यांनी तसाच, झाकण न उघडता, बाजूला सारला.